कानाची सोय

खट्.

आवाज एवढाच झाला. पाणी उकळलं आणि किटलीचं बटण आपोआप वर आलं. एरवी त्या आवाजाला कुणी हिंग लावून विचारलं नसतं. पण त्या सकाळी भिंगरीच्या आईच्या परदेशातल्या नणंदेच्या घरात अशी शांतता होती, की आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललं असावं. भिंगरीचा बाबा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून परतीच्या विमानातल्या जागा निवडत होता.

तो एका कारखान्यात नियोजन खात्यात होता. कुठला सुटा भाग कुठल्या यंत्राशी कधी पोचायचा, हे ठरवणं त्याचं काम. त्यामुळे घरातली माणसंही तो तशीच हलवायचा, आणि ती वेळेवर हलली नाहीत की यंत्र बंद पडल्यासारखा चेहरा करायचा. "कुणी बोलू नका," असं त्याने आधीच बजावलं होतं. "एकदा बटण दाबलं की मागे येता येत नाही." म्हणून नणंद श्वास धरून उभी होती, भिंगरी टेबलाखाली तोंडावर हात ठेवून बसली होती, आणि भिंगरीची आई सुट्टीतली शेवटची इस्त्री गार करून बसली होती. चौघांना सलग जागा कुठे आहेत हे तो शोधत होता, सापडतच होत्या, बोट वर उचललेलं होतं, आणि तेवढ्यात खट्.

तो दचकला. बोट पडलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं.

"किटली कुणी लावली?" त्याने चौकशी आयोगाच्या आवाजात विचारलं.

"मी," सासूबाई आतून म्हणाल्या. "घसा शेकायचा होता. आता काय, विमानाला विचारून गरम पाणी पिऊ?"

विमानाने आपल्या मर्जीने जागा वाटून टाकल्या होत्या, आणि ती मर्जी फारशी कुटुंबवत्सल नव्हती. बाबा पार पुढे. सासूबाई मधे कुठेतरी खिडकीशी. भिंगरीची आई शेपटाकडे. आणि पाच वर्षांची भिंगरी एकटी, दोन परक्या माणसांच्या मधोमध.

"होईल काहीतरी सोय," नवरा म्हणाला. हे वाक्य तो फक्त सगळी सोय संपल्यावरच म्हणतो, हे भिंगरीच्या आईला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आता मुलगी चारदोन तास वेगळी बसली तर आभाळ कोसळतं का? नाही कोसळत. भिंगरी धीट होती, परक्याशी बोलायला तिला ओळख लागत नसे. अडचण फक्त झोपेची होती. भिंगरीला झोपताना आईच्या कानाची पाळी लागायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे पाळी धरायची, कापडाचा पोत बघावा तशी चोळायची, आणि मग डोळे मिटायचे. जन्मल्यापासूनचं हे खूळ. पाळी नाही तर झोप नाही, आणि झोप नाही तर भिंगरी असा सूर लावायची, की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची; दिवसभर लोकांच्या कानांवर काड्या बसवून घरी आली की स्वतःचा कान मुलीच्या ताब्यात द्यायची. तिचा डावा कान उजव्यापेक्षा जरा लांब झाला आहे, असं तिचं स्वतःचं मत होतं. आरशात तसं दिसत नसे. पण आरसा काही रात्रभर जागा नसतो.

या कानावर सबंध सुट्टीभर चर्चासत्र चाललं होतं. "वहिनी, सोडव आता हे," नणंद पहिल्या दिवसापासून म्हणत होती. "उद्या लग्न झाल्यावर काय कान पार्सल करणार आहेस?" तिच्या शेजारणीने पाळीला कडू औषध लावायला सांगितलं, लावलं, भिंगरीने बोट चाखलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरा कान धरला. मोठाले डूल घालून पाहिले, डूल हरवले. शेवटी सासूबाईंनी मनावर घेतलं. त्यांनी एक जुना मऊ मोजा कापून, आत कापूस भरून, चक्क एक कान शिवला. कान इतका हुबेहूब झाला, की नणंदेच्या नवऱ्याने सोफ्यावर तो पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवून तो थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. भिंगरीने मात्र कान उलटासुलटा करून परत दिला.

"हा गार आहे," ती म्हणाली. "आणि याच्यात बोललं तर कुणाला ऐकू येत नाही."

कान सुईदोऱ्याच्या डब्यात गेला.

विमानतळावरच्या काउंटरवर भिंगरीची आई स्वतः पुढे झाली. काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे पाहून फार दुःखाने मान हलवली. "विमान भरलंय, मॅडम. गेटवर विचारा." गेटवरचा माणूस म्हणाला, "हे काउंटरवर व्हायला हवं होतं. आता आत गेल्यावर आपसांत बघा." जगातल्या सगळ्या कचेऱ्यांचं कामकाज शेवटी या दोन शब्दांवर येऊन थांबतं. आपसांत बघा. एवढं मोठं विमान हवेत उडवणारी माणसं; पण एक आई आणि एक मूल शेजारी बसवायचं म्हटलं, की ते ज्याचं त्याने आपसांत बघायचं.

नवऱ्याला मात्र ते शब्द ऐकून हुरूप आला. आपसांत बघणं म्हणजेच नियोजन.

भिंगरीच्या रांगेत खिडकीशी एक बाई होत्या. त्या डोळ्यांवर काळी पट्टी लावून, तोंड किंचित उघडून, विमान जमिनीवर असतानाच झोपी गेल्या होत्या, आणि पुढच्या संपूर्ण प्रकरणात त्यांचा एवढाच सहभाग राहिला. दुसऱ्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेलगत, एक टायवाले गृहस्थ होते. वय झालेले, डोक्यावर केस नाहीत, नाकावर जाड काचा, आणि लांबच्या प्रवासातही गळ्याशी घट्ट टाय. असा माणूस हसत असेल तर घरी दार लावून हसत असेल.

"माझी जागा मागे आहे," भिंगरीची आई म्हणाली. "आपण तिथे बसलात तर बरं होईल. मुलगी लहान आहे."

"मागची जागा वाटेलगतची आहे?"

"नाही, मधली."

"मग नाही. मला कडेची लागते. कडेची सोडून कडेचीच मिळत असेल, तर माझं काही म्हणणं नाही."

बोलणं रास्त होतं, म्हणूनच त्यावर रागावता येईना. ती मुलीचा पट्टा बांधून आपल्या जागेवर गेली. नवरा मात्र हवाई सुंदरी दोनदा ओरडेपर्यंत बसला नाही. विमान वर चढून स्थिरावलं, तोवर त्याच्या डोक्यात आराखडा तयार होता. तो मागे येऊन बायकोच्या कानाशी वाकला.

"जमलं," तो कुजबुजला. "त्या टायवाल्यांच्या पलीकडे, वाट ओलांडून एक रांग मागे, कडेच्या जागेवर एक नवा नवरदेव आहे. त्याची बायको बसलीये माझ्या आईशेजारी. त्याला आईची जागा दिली की तो कडेची सोडतो. आईला पाय पसरायला जागा हवी, ती पुढे भिंतीपाशी बसलेल्या एका विद्यार्थ्याकडे आहे. विद्यार्थ्याला फक्त फोन चार्ज करायचाय, त्याला तुझी जागा चालते. म्हणजे विद्यार्थी इथे, आई त्याच्या जागी, नवरदेव आईच्या जागी, टायवाले नवरदेवाच्या जागी, आणि तू टायवाल्यांच्या. भिंगरीशेजारी!"

"आणि तू?"

"मी सगळ्यांना खूण करणार. सगळ्यांनी एकदम उठायचं. एकेक करत बसलं, तर मधेच कुणीतरी मन बदलतं."

हवाई सुंदरीला विचारायला हवं, असं तिने सुचवलं. विचारलं. हवाई सुंदरीने सांगितलं, की पट्ट्याचा दिवा लागलेला असताना उठता येत नाही. आणि दिवा विझला की जेवणाच्या गाड्या निघतात, तेव्हा वाटेत उभं राहता येत नाही. "मग नक्की कधी बदलायचं?" नवऱ्याने विचारलं. ती गोड हसली. "ते आपण आपसांत बघा."

दिवा विझला. नवऱ्याने वाटेच्या मधोमध उभं राहून हात वर केला, आणि बँडवाल्यांच्या पुढाऱ्याने करावी तशी खूण केली.

योजना उत्तम होती, हे भिंगरीची आई आजही मान्य करते. विद्यार्थी उठला, कानांवर हेडफोन तसेच, आणि पिशवी कवटाळून मागे निघाला. सासूबाई उठल्या, पण उठताना त्यांनी चादर, उशी, पाण्याची बाटली, नणंदेने दिलेला बिस्किटांचा डबा आणि चुकून शेजारच्या नवरीची शाल, एवढं सगळं बरोबर घेतलं. नवरी शालीमागे. नवरदेव नवरीकडे. टायवाले शिस्तीत उठून उभे राहिले, कोटाला पडलेली सुरकुती नीट करू लागले. आणि त्याच क्षणी पुढून एक आणि मागून एक अशा दोन जेवणाच्या गाड्या वाटेत शिरल्या.

मधे सगळे अडकले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, जरा मागे घ्या तुमची गाडी." पुढची हवाई सुंदरी म्हणाली, "गाडी मागे जात नाही." "मग आम्ही कुठे जायचं, वर?" तेवढ्यात विमान असं हादरलं, की गाडीवरचे पेले एकमेकांना भेटले. पट्ट्याचा दिवा लागला. वरून आवाज आला, "सर्वांनी ताबडतोब बसून घ्यावं!" हवाई सुंदरीचं गोड हसू त्या दिव्याबरोबर गेलं. "जिथे आहात तिथे बसा! कुठेही! आत्ता!"

सगळे बसले.

धूळ खाली बसल्यावर जे दिसलं ते असं. विद्यार्थी मागे पोचला होता, फोन चार्ज होत होता. सासूबाई पुढे भिंतीपाशी पाय लांब करून बसल्या होत्या. नवरदेव नवरीशेजारी बसला होता, तिची शालही परत आली होती. सगळ्यांना जे हवं ते मिळालं होतं. फक्त टायवाले हलेपर्यंत वेळ मिळाला नव्हता, म्हणून ते उठले तिथेच पुन्हा बसले. आणि भिंगरीची आई त्यांच्या जागेकडे येता येता नवरदेवाच्या मोकळ्या जागेत पडली. वाट ओलांडून एक रांग मागे. तिथून तिला मुलीची वेणी दिसत होती. हात पुरत नव्हता.

नवरा खुणा करता करता मागे मागे सरकला होता. स्वच्छतागृहाला पाठ लावलेली एक जागा कुणी न आल्यामुळे रिकामी राहिली होती, तिथे तो बसला. त्या जागेची पाठ मागे जात नाही, आणि स्वच्छतागृहासाठी रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस तिच्यावर कोपर टेकतो. त्याच्या मूळ जागेवर पुढे एका बाईने आपलं तान्हं आडवं करून टाकलं होतं, तेव्हा तोही मार्ग बंद.

जेवण जागेच्या क्रमांकाप्रमाणे आलं. नवऱ्याने दूरदृष्टीने सासूबाईंसाठी बिनसाखरेचं मागवलं होतं. ते नवरदेवासमोर आलं, आणि नवरी त्याच्याकडे 'हे मला आधी का नाही सांगितलंत' अशा नजरेने पाहू लागली. विद्यार्थ्याच्या नावाचा केकचा मोठा तुकडा सासूबाईंसमोर आला. "मला काय माहीत?" त्या नंतर म्हणाल्या. "समोर ठेवलं, खाल्लं. अन्नाला नाही म्हणू नये."

मग खिडक्यांचे पडदे खाली आले. बाहेर लख्ख ऊन, आत खोटी संध्याकाळ. दिवे मंद झाले. विमान अजून खड्ड्यांतून चालल्यासारखं हलत होतं, पट्ट्याचा दिवा तसाच. आणि भिंगरीने जांभई दिली.

तिची आई पट्टा ताणून जमेल तेवढी पुढे वाकली.

"आई."

"हं, इथेच आहे मी, बाळा. मागे बघ."

"मला झोप आलीये."

"झोप मग."

"कान?"

भिंगरीची आई पट्ट्याशी हात नेते न नेते तोच मागून आवाज आला, "मॅडम, बसून राहा!"

पहिला सूर बारीक निघाला. दुसरा लांबला. तिसऱ्याला पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. एका मावशींनी मागून सल्ला दिला, "गोळी द्या चघळायला, कानाला दडे बसले असतील." "कान दुखत नाहीये हो तिचा," भिंगरीची आई म्हणाली. कुणीतरी काका म्हणाले, "रडू द्या. आमच्या वेळी रडूच द्यायचे. छाती मजबूत होते." काकांची स्वतःची छाती पाहता त्यांना फार कमी रडू दिलं असावं.

टायवाल्यांनी वही मिटावी तशी आपली मान हळूहळू मागे वळवली.

"काय हवंय तिला?"

"काही नाही. कान हवाय."

"कसला कान?"

"माझा." तिचा चेहरा तापला. दुकानात ती रोज परक्या माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची. पण विमानातल्या एवढ्या माणसांदेखत हे सांगणं वेगळं. "म्हणजे पाळी. कानाची. ती हातात धरल्याशिवाय तिला झोप येत नाही."

टायवाल्यांनी हुंदके देणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग टायची गाठ सैल केली. एवढ्या गंभीरपणे, की भिंगरीची आईसुद्धा सावरून बसली. आणि त्यांनी आपलं तुळतुळीत डोकं मुलीकडे कलतं केलं.

"बघ हा चालतो का," ते म्हणाले.

भिंगरी रडता रडता थांबली. तिने त्या कानाची चहूबाजूंनी पाहणी केली. मोठा, जुना, मऊ कान होता. पाळी चांगली लोंबती. तिने ती दोन बोटांत धरून चोळली. दुकानात कापड घेणाऱ्या बाईसारखी.

"केस आहेत याला," ती म्हणाली.

"डोक्यावरचे तिथे गेलेत," टायवाले म्हणाले.

भिंगरीला हे पटलं. ती कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. "हो, येतंय ऐकू," टायवाले म्हणाले. मग तिने डोळे मिटले. विमान हलत राहिलं. सूर थांबला. पुढच्या रांगेतल्या माना समोर वळल्या.

पट्ट्याचा दिवा विझला तेव्हा भिंगरीची आई एका उडीत तिथे पोचली. "द्या आता, मी बसते. तुम्ही माझ्या जागेवर बसा, तीही कडेचीच आहे. तुम्हाला फार त्रास..."

"शू!" टायवाल्यांनी ओठ न हलवता म्हटलं. त्यांचं डोकं वाकडं, चष्म्याची एक काडी मुलीच्या मुठीत, मान अशा कोनात की पाहूनच दुखावं. "हलवू नका. उठेल ती."

"पण तुमची मान..."

"मान आहे, राहील. माझी मुलगी केस धरायची झोपताना. तेव्हा होते." त्यांनी मुलीची वेणी हलकेच आपल्या खांद्यावर घेतली. "तिच्याकडेच गेलो होतो. फार कामात असते. विमानतळावर सोडून लगेच गेली."

ती आपल्या जागेवर परत आली.

पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा कान मोकळा होता. हेच तर तिला हवं होतं. किती वेळा तिने नणंदेला म्हटलं होतं, की एक अख्खा सिनेमा बघायचाय गं, मधे कुणी न ओढता. तिने सिनेमा लावला. त्यात एक बाई सारखी आगगाडीतून उतरत होती आणि कुणीतरी तिला घ्यायला येत नव्हतं. तिने तो बंद केला. डोळे मिटले, झोप येईना. डावी पाळी शिवशिवू लागली. तिने स्वतःच ती बोटांत धरून पाहिली. काही अर्थ नव्हता. ते म्हणजे स्वतःला गुदगुल्या करण्यासारखं. ती पुन्हा पुढे वाकून वेणी पाहायची. वेणी त्या परक्या खांद्यावर निवांत पडलेली. आणि तिला, सांगायला लाज वाटते पण खरं आहे, त्या जुन्या केसाळ कानाचा राग आला.

मधे नवरा आला. त्याचे केस उभे होते, कारण रांगेतल्या प्रत्येकाने त्याच्या डोक्याचा आधार घेतला होता. पण चेहऱ्यावर समाधान होतं. मागे तासभर गोंधळ चालला होता, तो आता थांबला होता. कोण कधी आत जाणार हे तो आता ठरवत होता, आणि लोक त्याचं ऐकत होते.

"झोपली?" त्याने विचारलं. मग टायवाल्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं. "बघ! म्हटलं नव्हतं, सोय होईल? नियोजन म्हणजे हेच."

"जा तू," ती म्हणाली. "रांग मोडेल तुझी."

तो खरंच घाईने गेला.

टायवाल्यांना चहा आला. हवाई सुंदरीने नळी घालून तो तोंडाशी धरला. त्यांनी वाकड्या मानेने एक घोट घेतला, आणि उरलेला नको म्हणून खूण केली. प्यायला की पुढे उठावं लागतं, हे विमानातल्या प्रत्येकाला कळतं. ते उठले नाहीत. पुढून सासूबाई येऊन पाहून गेल्या. "हाडामांसाचा कान आहे," त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "आपला मोज्याचा. फरक पडणारच." मग तिच्या हातात दोन बिस्किटं ठेवून म्हणाल्या, "तू जागीच? झोप ना. आता तर मोकळी आहेस."

"झोपतेच आहे," ती म्हणाली.

पडदे वर झाले. चाकं जमिनीला टेकली तशी भिंगरी जागी झाली. तिने हातातला कान पाहिला, कानामागचा माणूस पाहिला, आणि ओळखीचं हसली. टायवाल्यांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला. ती थोडी सरळ झाली, उरलेली तशीच राहिली. त्यांचा चष्मा नाकावर तिरपा बसला होता, एक काडी पार वाकलेली.

"इकडे द्या," भिंगरीची आई म्हणाली. निदान एवढं तरी तिला जमत होतं. तिने काडी बोटांच्या उबेने हळूहळू सरळ केली, चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, आणि बसवताना ती पाळी तिच्या बोटाला लागली. लाल झाली होती. चांगलीच लाल.

"थोडी लांब होते सुरुवातीला," ती म्हणाली. "मग सवय होते."

टायवाले हसले. दार न लावता हसले.

सगळ्यांच्या पिशव्या दुसऱ्यांच्या डोक्यावर होत्या, त्यामुळे विमान अर्धं रिकामं होईपर्यंत थांबणं आलं. खिडकीशी बसलेल्या बाईंनी काळी पट्टी काढली, आणि "किती शांत प्रवास झाला नाही?" म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. नवरा मागून पिशव्या पुढे पाठवत होता आणि कुणाची कुठली हे मोठ्याने सांगत होता. टायवाले भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून वाटेला लागले. मान डावीकडे कललेली, जणू जाताना अजून कुणाचं तरी ऐकत होते.

भिंगरी आईच्या कडेवर आली. येताच सवयीने तिने कानाची पाळी धरली. मग ती थांबली, आणि आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागली.

"आई, तुझे डोळे लाल आहेत."

"जागरण झालं."

"तू झोपली नाहीस?"

"नाही गं. नाही आली झोप."

भिंगरीने यावर विचार केला. मग तिने आईची पाळी सोडून दिली, तोंड त्या कानाशी नेलं, आणि गुपित विचारावं तसं हळू विचारलं,

"आई, तू कुणाचा कान धरून झोपतेस?"

भिंगरीची आई पर्समधे पासपोर्ट शोधू लागली. पासपोर्ट तिच्या हातातच होते.